‘सोल्युबिलिटी निगेटिव्ह’वर लग्न ठरवू नका, आधी बाबांचं रक्त तपासा

प्रश्न : मी २६ वर्षांची, मूळची चंद्रपूर जिल्ह्यातली, नागपूरला नोकरी करते. माझ्या धाकट्या भावाला, वय १७, सिकलसेल आहे. तो लहान असताना केलेल्या इलेक्ट्रोफोरेसिसच्या (हिमोग्लोबिनचे प्रकार पट्टीवर वेगळे करणाऱ्या तपासणीच्या) कागदावर ‘एसएस पॅटर्न’ लिहिलंय. माझी तपासणी गेल्या महिन्यात झाली : हिमोग्लोबिन १०.४, एमसीव्ही (लाल पेशींचं सरासरी आकारमान) ७२, एचपीएलसीत (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीत) ए ६३ टक्के, एस २९, ए२ ३.२. खाली शेरा ‘सिकलसेल ट्रेट’, म्हणजे वाहक. आई-बाबांची तपासणी कधी झालीच नाही. घरात माझं लग्न आतेभावाशी ठरतंय. दोन वर्षांपूर्वी गावच्या शिबिरात त्याचं रक्त तपासलं होतं, कार्डावर ‘सोल्युबिलिटी निगेटिव्ह’ आहे. आत्या म्हणते, एकदा निगेटिव्ह आलं की विषय संपला. शिवाय दोघांचे रक्तगटही जुळतात, आता परत रक्त कशाला काढायचं? दुसरं, माझं एस फक्त २९ टक्के आहे, म्हणजे मुलांना धोका कमी का? आणि भावाच्या ताज्या रिपोर्टमध्ये ‘एफ’ १९ टक्के आलंय. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांनी तो हळूहळू एएस, म्हणजे माझ्यासारखा वाहक, होतोय का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर :

आत्याबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच सगळी अडचण आहे. शिबिरातली ती चाचणी रक्तात ‘एस’, म्हणजे सिकलसेलचं हिमोग्लोबिन आहे का, एवढंच विचारते. तुमच्या होणाऱ्या बाळाला गंभीर आजार होण्यासाठी आतेभावाकडून ‘एस’च यायला हवं असं नाही. बीटा थॅलेसेमियाचं (हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आजाराचं) जनुक आलं तरी पुरतं, ‘डी’ या दुसऱ्या बदललेल्या हिमोग्लोबिनचं आलं तरी पुरतं. आणि तुमच्या घरचे कागद बघता, थॅलेसेमियाचं जनुक बाबांच्या बाजूला असण्याची शक्यता आज नाकारता येत नाही. कशी, ते सांगतो. पण आधी त्या चाचणीचं बघू.

सोल्युबिलिटीत एका छोट्या नळीत दोन मिलिलिटर द्रावण घेतात. त्यात लाल पेशी फोडणारं सॅपोनिन असतं आणि हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन काढून घेणारं सोडियम डायथायोनाइट. त्यात २० मायक्रोलिटर रक्त टाकून पाच मिनिटं थांबायचं आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसतात का ते पाहायचं. ऑक्सिजन नसलेलं ‘एस’ या द्रावणात विरघळत नाही, नळी गढूळ होते, रेघा दिसत नाहीत : पॉझिटिव्ह. रेघा स्वच्छ दिसल्या की निगेटिव्ह. चाचणी स्वस्त आहे, गावात ओट्यावर बसून करता येते, म्हणून पहिल्या चाळणीला ती उत्तमच. पण डायथायोनाइट हवेने लवकर निकामी होतं. बाटली उघडी राहिली किंवा जुनं द्रावण वापरलं तर ‘एस’ असूनही नळी स्वच्छ राहते. हिमोग्लोबिन सात-आठच्या खाली असेल, नुकतंच रक्त चढवलेलं असेल किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, तरी खोटं निगेटिव्ह येऊ शकतं. उलट रक्तात चरबी फार असेल तर नळी उगाच गढूळ होते. म्हणून त्या दिवशी माहीत असलेलं एक एएस आणि एक साधं रक्त सोबत लावून पाहायचं असतं. ते तसं झालं होतं की नाही, हे कार्डावरून कळत नाही.

धडधाकट तरुणाच्या बाबतीत हे निगेटिव्ह ‘एस’पुरतं बहुधा खरंच असतं. मात्र थॅलेसेमिया मायनर (म्हणजे थॅलेसेमियाच्या वाहक) माणसाचं रक्त या नळीत अगदी स्वच्छ दिसतं, ‘डी’ आणि ‘ई’ हिमोग्लोबिनवाल्याचंही. ‘सोल्युबिलिटी निगेटिव्ह’ म्हणजे ‘एए’ (फक्त साधं हिमोग्लोबिन) नव्हे. कार्डावर या दोन गोष्टी एकच समजून लिहिलेल्या आढळतात आणि लग्नाच्या बैठकीत तर त्या एकच धरल्या जातात.

आता तुमच्या घराकडे वळू. हिमोग्लोबिनच्या रेणूत दोन आल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. बीटा साखळीचं जनुक ११ व्या गुणसूत्रावर आहे, प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती : एक आईकडची, एक वडिलांकडची. या जनुकात ‘ए’च्या जागी ‘टी’ एवढं एकच अक्षर बदललं की साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. तेच ‘एस’. नव्या पद्धतीच्या डीएनए रिपोर्टमध्ये हाच बदल ‘सातव्या जागी’ लिहिलेला दिसेल, कारण हल्ली मोजणी सुरुवातीच्या मेथिओनिनपासून करतात. दोन वेगळे बदल समजून घाबरू नका. बीटा थॅलेसेमियात साखळीची घडण बदलत नाही, ती कमी बनते किंवा बनतच नाही.

तुमच्या भावाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत, म्हणजे आई आणि बाबा दोघांकडूनही त्याला बिघडलेली प्रत मिळाली, हे नक्की. पण दोन्ही प्रती ‘एस’च्याच आहेत का? एक प्रत ‘एस’ आणि दुसरी अजिबात साखळी न बनवणाऱ्या थॅलेसेमियाची असेल, तर रक्तात ‘ए’ बनतच नाही. इलेक्ट्रोफोरेसिसच्या पट्टीवर हे आणि खरं एसएस हुबेहूब सारखं दिसतं. कागदावर दोन्हीला ‘एसएस पॅटर्न’च लिहिलं जातं. ‘पॅटर्न’ हा शब्द तिथे म्हणूनच आहे : पट्टीवर काय दिसलं ते तो सांगतो, जनुकं कोणती ते नाही.

भावाच्या आजच्या रिपोर्टवरून हा गुंता सुटणं कठीण आहे. एरवी एमसीव्ही मदत करतं. खऱ्या एसएसमध्ये लाल पेशींचं आकारमान नेहमीसारखं असतं, थॅलेसेमिया सोबत असेल तर पेशी लहान होतात. पण हायड्रॉक्सीयुरिया एमसीव्ही वाढवतं. (गोळ्या नियमित घेतल्या जातात का, हे डॉक्टर त्या आकड्यावरूनच ओळखतात.) ए२ (सगळ्यांच्याच रक्तात थोडंसं असणारं, थॅलेसेमिया मायनरमध्ये वाढणारं हिमोग्लोबिन) वाढलेलं दिसलं तर संशय घ्यायला जागा आहे, मात्र ‘एस’ असताना एचपीएलसीचं यंत्र ए२ थोडं फुगवूनच दाखवतं. म्हणून सरळ रस्ता आई-बाबांच्या रक्तातून जातो.

दोघांची सीबीसी आणि एचपीएलसी करा. मुख्य तीन शक्यता आहेत.

दोघंही एएस निघाले, तर भाऊ एसएसच. मग बाबांकडचं जनुक ‘एस’ आहे, आत्याकडे ते असण्याची शक्यता निम्मी आणि आतेभावाकडे चारात एक. शिबिराच्या निगेटिव्हने ही शंका बरीच कमी झालेली आहे.

आई एएस आणि बाबा थॅलेसेमिया मायनर निघाले, तर तुम्हाला ‘एस’ आईकडून आलं, आणि आत्याच्या घरात शोधायचं ते थॅलेसेमिया. शक्यता तीच, आतेभावात चारात एक. फक्त या वेळी शिबिरातल्या चाचणीने त्यावर चकार शब्दही काढलेला नाही. तुमच्या प्रकरणातली सगळ्यात मोठी फट ती हीच.

बाबा एएस आणि आई थॅलेसेमिया मायनर, ही तिसरी. इथे बाबांच्या बाजूची काळजी पुन्हा ‘एस’चीच.

यातलं काहीही निघालं तरी आतेभावाची एचपीएलसी टळत नाही, कारण त्याला निम्मी जनुकं त्याच्या वडिलांकडून मिळाली आहेत आणि त्या घराबद्दल आपल्याकडे काहीच माहिती नाही. तरीही आधी बाबांची तपासणी करा असं सुचवण्यामागे एक व्यवहाराचा हिशोब आहे. बाबांनी आत्याच्या हातात स्वतःचा रिपोर्ट ठेवला की ‘तुमच्या मुलाला तपासा’ या वाक्याची धार जाते. ‘आपल्या घरात काय आहे ते पाहतोय’ असा त्याचा अर्थ होतो.

तपासणीला काय लागतं? जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त. उपाशी राहायची गरज नाही. तपासणी करून घेणाऱ्याला गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलेलं नसावं. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात, तोवर रिपोर्टमध्ये दात्याचं हिमोग्लोबिन मिसळलेलं असतं. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्यांची तपासणी धरलेली आहे. बाबांचं वय त्यापुढे असणार, तरी ‘मुलाला सिकलसेल आहे, पालकांची तपासणी हवी’ असं जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात सांगा. अशी तपासणी हा मुलाच्या निदानाचाच भाग आहे. आयसीएमआरच्या मुंबईतल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्थेचं हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीचं केंद्र चंद्रपूरलाच आहे, हेही लक्षात असू द्या.

आतेभावाचा रिपोर्ट हातात आला की खालचा शेरा वाचण्याआधी आकडे वाचा. ‘एस’, ‘डी’, ‘ई’ यांपैकी काहीही नको. ए२ ३.५ टक्क्यांच्या वर असेल, एमसीव्ही ८० च्या खाली आणि एमसीएच (एका लाल पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) २७ च्या खाली असेल, तर ते थॅलेसेमिया मायनर धरून चालायचं. यंत्राने ए२ ३० टक्क्यांच्या आसपास दाखवलं तर ते ए२ नसून बहुधा ‘ई’ असतं, दोन्ही यंत्रातून एकाच वेळी बाहेर पडतात. खरी कटकट ३.३ ते ३.८ च्या पट्ट्यात होते. लोह कमी असेल तर ए२ खाली येतं आणि थॅलेसेमिया मायनर लपून जाऊ शकतो. अशा वेळी फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) तपासावं, कमी असेल तर लोहाच्या गोळ्या घेऊन तीन महिन्यांनी एचपीएलसी पुन्हा. लग्नाची तारीख जवळ असेल आणि थांबायला वेळ नसेल, तर थेट डीएनए तपासणी.

डीएनए तपासणीबद्दल थोडं सविस्तर, कारण पुढे गरज पडली तर हीच लागेल. गंमत अशी की हिमोग्लोबिन असतं लाल पेशीत, पण तिच्यात केंद्रक नाही, म्हणून जनुक वाचायला त्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी वापरतात. त्यातून डीएनए काढून पीसीआरने बीटा जनुकाच्या त्या तुकड्याच्या कोट्यवधी प्रती बनवतात. ‘एस’ ओळखायची एक जुनी, भरवशाची रीत कात्रीची आहे. डीडीई-वन नावाचं विकर (एन्झाइम) ‘सीटीजीएजी’ ही अक्षरं दिसली की तिथे डीएनए कापतं. ‘एस’मध्ये तिथे ‘सीटीजीटीजी’ झालेलं असतं, कात्री चालत नाही, तुकडा लांबच राहतो. तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर फक्त छोटे तुकडे दिसले तर दोन्ही प्रती त्या जागी ठीक, फक्त लांब तुकडा म्हणजे एसएस, दोन्ही दिसले तर एएस. १९८५ मध्ये पीसीआरचं तंत्र पहिल्यांदा छापून आलं ते याच जनुकावर, सिकलसेलच्या निदानासाठी. करोनाने तो शब्द घराघरांत नेला त्याच्या ३५ वर्षं आधी.

थॅलेसेमियाचं असं एका कात्रीत भागत नाही. बीटा जनुक बिघडवणारे शेकडो बदल जगभर सापडले आहेत. भारतात त्यातले चार-पाचच बहुतेकांमध्ये दिसतात, ‘आयव्हीएस वन-फाइव्ह’ हा त्यात सगळ्यांत पुढे. प्रयोगशाळा आधी तेवढेच शोधते आणि न सापडल्यास जनुकाचं पूर्ण वाचन करते. एक बदल मात्र साध्या वाचनातून निसटू शकतो : ६१९ अक्षरांचा अख्खा तुकडा गळलेला असतो तो. वाचन करणारं यंत्र जी प्रत सापडते तीच वाचतं आणि ‘सर्व ठीक’ म्हणतं. त्यासाठी वेगळी गॅप-पीसीआर करावी लागते. घरी थुंकी पाठवून होणाऱ्या ‘संपूर्ण जीनोम’च्या जाहिरातींमागे या कामासाठी पैसे घालवू नका. त्यातल्या अनेक तपासण्या ठरावीक जागच्या अक्षरांपुरत्या असतात. नेमका तुमच्या घरातला बदल त्यात आहे की नाही, हे कुणी सांगत नाही.

रक्तगटाचं एका परिच्छेदात उरकतो. ए, बी, ओ रक्तगटाचं जनुक ९ व्या गुणसूत्रावर आहे, हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं ११ व्या. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. ‘एए’मधला ‘ए’ म्हणजे रक्तगट ‘ए’ नव्हे. अक्षरांच्या या गोंधळामुळे ‘ए पॉझिटिव्ह’ कार्ड दाखवून सिकलसेल नाही असं सांगणारी माणसं खरोखर भेटतात.

तुमच्या २९ टक्क्यांचा अर्थ आता लावू. एएस माणसात दोन्ही जनुकं काम करतात, एक ‘ए’ बनवतं, एक ‘एस’. मग निम्मं-निम्मं का नाही? आल्फा साखळीला जोडीदार म्हणून ‘ए’ची बीटा साखळी अधिक मानवते, तिच्यावर ऋण विद्युतभार जास्त असतो. त्यामुळे साधारण एएस माणसात ‘एस’ ३५ ते ४० टक्के भरतं. आल्फा साखळ्यांचीच टंचाई असेल, तर आहेत त्या आधी ‘ए’ पटकावतं आणि ‘एस’ ३० च्याही खाली उतरतं. आल्फा थॅलेसेमियाचं जनुक सोबत असलं की असं होतं, आणि मध्य भारतात ते बरंच आढळतं. लोहाच्या कमतरतेतही ‘एस’ खाली येतं. तुमचं हिमोग्लोबिन १०.४ आणि एमसीव्ही ७२ आहे, तेव्हा आधी फेरिटिन करा. ‘एएस आहे म्हणून अंगात रक्त कमी’ असं कुणी म्हटलं तर मानू नका. एएसमुळे हिमोग्लोबिन कमी होत नाही. दुसरं काहीतरी आहे, आणि तुमच्या वयात ते बहुतेक वेळा लोह असतं.

पण २९ असो की ४०, बाळाला टक्केवारी जात नाही. जाते ती दोनपैकी एक प्रत, अख्खी : ‘ए’ नाहीतर ‘एस’. त्यामुळे धोक्यात एका टक्क्याचाही फरक पडत नाही. तुमच्यात ‘ए’ जास्त आणि ‘एस’ कमी आहे, म्हणजे तुम्ही साध्या वाहक आहात, एवढं तो आकडा सांगतो. उलट असतं, ‘एस’ जास्त आणि ‘ए’ कमी, तर आम्ही दुसऱ्याच रोगाबद्दल बोलत असतो. एएस हा अर्धा आजार नाही, पुढे जाऊन त्याचं एसएस होत नाही. उन्हातान्हात पाण्याशिवाय अति कष्ट टाळावेत, लघवीतून कधी रक्त गेलं तर डॉक्टरांना आपण एएस असल्याचं सांगावं, इतपतच काळजी.

आतेभाऊ ‘एए’ आणि थॅलेसेमियाही नाही, असं निघालं, तर प्रत्येक बाळ एएस असण्याची शक्यता निम्मी, ‘एए’ असण्याची निम्मी. सिकलसेलचा रुग्ण कुणीच नाही. मग या कारणासाठी लग्न अडवू नये. मात्र सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नाचा वेगळा हिशोब उरतो : कुठल्याही जोडप्याच्या बाळात जन्मजात दोषाची जी दोन-तीन टक्के शक्यता असते, तिच्यात नात्यामुळे साधारण आणखी दोन-तीन टक्क्यांची भर पडते. ती तपासण्यांनी पूर्ण जात नाही. हे जाणून घेऊन काय ते ठरवा.

आणि त्याच्यात ‘एस’, ‘डी’ किंवा बीटा थॅलेसेमिया निघालं, तर? फोडलेले दोन चिंचोके डोळ्यांसमोर आणा, एक बाजू काळी, एक पांढरी. एक चिंचोका तुमचा, एक त्याचा. दोन्ही काळे पडले तर बाळाला आजार : चारात एक डाव. एक काळा, एक पांढरा म्हणजे वाहक, चारात दोन. दोन्ही पांढरे, चारात एक. चिंचोक्याला आधीचा डाव आठवत नाही. ‘पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन चांगली होणार’ हा हिशोब चुकीचा आहे, आणि ‘पहिलं चांगलं झालं म्हणजे आपलं रक्त जुळलं’ हाही. दोन मुलं हवी असतील तर त्यांतल्या किमान एकाला आजार होण्याची शक्यता शेकडा ४४ भरते. चारात एक हे ऐकायला कमी वाटतं, म्हणून हा आकडा दोघांनी मिळून ऐकावा.

तरी लग्न करायचंच ठरवलं तर रस्ता आहे, पण त्याला वेळापत्रक पाळावं लागतं. दिवस जाण्याआधीच दोघांच्या जनुकातला नेमका बदल डीएनए तपासणीने शोधून कागदावर ठेवा. दिवस गेल्यावर हे करायला घेतलं की आठवडे हातातून निसटतात. पाळी चुकली की सहाव्या-सातव्या आठवड्यात नोंदणी, आणि ११ ते १३ व्या आठवड्यात सीव्हीएस : सोनोग्राफीत पाहत बारीक सुईने वारेचा कणभर तुकडा घेतात. दहाव्या आठवड्याच्या आत तो घेत नाहीत, बाळाच्या हातापायांना इजेचा धोका असतो. अनुभवी हातांत या प्रक्रियेमुळे गर्भपात होण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी. रक्तगट कामाला येतो तो इथे : तुम्ही आरएच निगेटिव्ह असाल आणि नवरा पॉझिटिव्ह, तर सुईनंतर अँटी-डीचं इंजेक्शन विसरायचं नाही.

सीव्हीएसमध्ये चूक होते ती बहुतेक एकाच ठिकाणी. वारेच्या तुकड्याला आईच्या गर्भाशयाचं अस्तर चिकटून येतं. ते सूक्ष्मदर्शकाखाली नीट वेगळं केलं नाही, तर बाळाऐवजी आईचंच जनुक वाचलं जातं. तुम्ही एएस, रिपोर्टही एएस, सगळे खूश, आणि बाळ मात्र एसएस. म्हणून रिपोर्टवर आईच्या पेशींची भेसळ तपासल्याची नोंद आहे का, ते विचारा. त्यासाठी तुमच्या रक्ताचा नमुनाही त्याच दिवशी घेतलेला असायला हवा. उशीर झालाच तर १६ व्या आठवड्यानंतर गर्भजल काढून तीच तपासणी होते, पण निकाल येईपर्यंत गर्भ मोठा झालेला असतो. गर्भपाताचा निर्णय घ्यायची वेळ आली तर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत कायद्याला पुरतं, त्यापुढे अटी वाढत जातात. गर्भाचं लिंग सांगणं गुन्हा आहेच, पण हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भाची तपासणी करायला त्याच कायद्याने परवानगी दिली आहे. लेखी संमती तुमची लागते. गर्भ ठेवायचा की नाही, हेही तुम्हीच ठरवायचं, सासरच्यांनी नाही.

काही जोडपी प्रयोगशाळेत गर्भ तयार करून तपासलेला गर्भच रुजवतात. हे शक्य आहे, खर्चीक आहे, आणि एका खेपेत यश येईलच असं नाही. काही जोडपी काहीच तपासणी नको म्हणतात. त्यांनी निदान बाळ जन्मल्याबरोबर त्याची एचपीएलसी करावी. रिपोर्टमध्ये ‘एफ’ आणि ‘एस’ आहे पण ‘ए’ नाही, असं दिसलं तर दुसऱ्या महिन्यापासून पेनिसिलिन आणि न्यूमोकोकसची लस, यांनीच लहान वयातले अनेक मृत्यू टळतात.

शेवटी भावाच्या ‘एफ’चं. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, बीटाऐवजी गॅमा साखळ्यांचं. तेच ‘एफ’. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमाची जनुकं निजतात आणि बीटाची जोरात चालू लागतात. म्हणून सिकलसेलचं बाळ पहिले सहा महिने ठीक दिसतं आणि मग हातापायांची बोटं सुजायला लागतात. गॅमाला निजवणाऱ्यांमध्ये बीसीएल-११-ए नावाच्या प्रथिनाचा मोठा हात असतो. हायड्रॉक्सीयुरिया ही झोप थोडी चाळवतं. पेशीत ‘एफ’ वाढलं की ‘एस’चे दोरे वळायला अडथळा येतो, पेशी विळ्यासारखी वाकत नाही, दुखणं कमी होतं. आपल्याकडच्या अनेक रुग्णांमध्ये ‘एफ’ मुळातच जरा जास्त असतं. १९ टक्के ही चांगली बातमी आहे. पण भावाची जनुकं होती तीच आहेत, गोळ्या थांबवल्या की ‘एफ’ उतरेल. तो एएस होत नाहीये, त्याचा आजार आवाक्यात राहतोय. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेला जनुक-संपादनाचा उपचारही याच धाग्याला धरून आहे : रुग्णाच्या मूळ पेशींतलं बीसीएल-११-एचं बटण क्रिस्परने बिघडवायचं, म्हणजे गॅमा जागं राहतं. मंजुरीच्या वेळी तिथली किंमत २२ लाख डॉलर होती. त्या बातम्या वाचून कुणी आज गोळ्या सोडू नयेत.

त्याचंही लग्नाचं वय येईल. तो एसएस असेल तर ‘एए’ जोडीदारापासून होणारी सगळी मुलं वाहक, रुग्ण एकही नाही. एएस जोडीदार असेल तर निम्म्या मुलांना आजार. हायड्रॉक्सीयुरिया चालू असताना शुक्राणूंची संख्या घटू शकते आणि मूल होऊ देण्याआधी डॉक्टरांशी बोलावं लागतं, हेही त्याला माहीत हवं. १७ वर्षांच्या मुलाला हे बहिणीकडून ऐकताना संकोच वाटेल, तेव्हा पुढच्या भेटीत डॉक्टरांनाच त्याच्याशी बोलू द्या. त्या भेटीला आई-बाबांना बरोबर न्या, त्यांचं रक्त तिथेच देता येईल. गोळ्या चालू असताना पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरू शकतात, म्हणून लग्नाच्या धावपळीत त्याच्या सीबीसीची तारीख चुकू देऊ नका.